स्लाइडवर गर्दी कशी झाली

पणजीच्या पाटोवरच्या कार्यालयात असो की वेर्ण्याच्या कारखान्यात, बैठक ठरली की निरोप येतो, ‘आधी पीपीटी मेल करा.’ सादरीकरणं रटाळ होण्याचं मूळ, माझ्या मते, याच निरोपात आहे. जे समोर बसून ऐकायचं, तेच आधी वाचायलाही पाठवायचं म्हटल्यावर स्लाइड अहवालासारखी भरगच्च होणारच.

पूर्वी एवढं भरणं परवडतच नसे. 35 मिमी स्लाइड म्हणजे चित्रकार, छायाचित्रकार, प्रयोगशाळा असा सगळा लवाजमा. एक शब्द चुकला तरी पुन्हा खर्च, पुन्हा खोळंबा. त्यामुळे शब्द मोजून यायचे. स्वस्तातला मार्ग ओव्हरहेड प्रोजेक्टरचा. पारदर्शक फिल्मवर मार्करने लिहायचं आणि खालच्या ओळींवर कागद धरून एकेक ओळ उघडी करत जायचं. गोव्याच्या दमट हवेत पंखा लावला तर फिल्म उडणार, नाही लावला तर वक्ता घामाने निथळणार! तरी लोकांचं लक्ष एका वेळी एकाच ओळीवर राहायचं.

एप्रिल 1987 मध्ये फोरथॉट कंपनीने मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आणलं. रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना, प्रोग्रॅमिंग मुख्यतः डेनिस ऑस्टिन यांचं. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचं मुख्य काम फिल्मसाठी पानं छापून देणं एवढंच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली आणि 1990 मध्ये विंडोज आवृत्ती आली. आता स्लाइड बोलणाराच बनवू लागला. नवी स्लाइड फुकट, नवा मुद्दाही फुकट. हात आखडायचं कारणच उरलं नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण भारतीयांच्या जिव्हारी लागणारं आहे. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया अवकाशयान पृथ्वीवर परतताना तुटून कोसळलं, त्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून यानाच्या पंखावर आदळला होता; यान अवकाशात असतानाच त्या आघाताबद्दल अभियंत्यांनी एक स्लाइड केली होती. शीर्षक दिलासा देणारं. अगदी तळाशी, मुद्दा-उपमुद्द्यांच्या उतरंडीखाली, खरी बातमी: चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा, आदळलेला अंदाजे 1920. म्हणजे 640 पट! माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालांच्या जागी अशा स्लाइड वापरण्यावर बोट ठेवलं.

त्याच काळात या दुखण्यावर उतारेही निघाले. टोकियोत 2003 मध्ये पेचाकुचा ही सादरीकरणाची पद्धत सुरू झाली: 20 चित्रं, प्रत्येकी 20 सेकंद. गाय कावासाकी यांनी 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा टाइप असं सूत्र दिलं. आकडे पाळणं सोपं, म्हणून ही सूत्रं लोकप्रिय झाली. मला मात्र जेफ बेझोस यांचा 2004 चा निर्णय नेमका वाटतो. ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद, त्याऐवजी सलग गद्यातलं टिपण. पुढे सहा पानी टिपण तिथली ओळख झालं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते मुकाट्याने वाचतात, मग चर्चा. वाचायचं ते वाचायला, बोलायचं ते बोलायला.

गोव्यातल्या देवळांत कीर्तन ऐकलेल्यांना ही विभागणी परकी वाटू नये. बुवा पूर्वरंगात एकच अभंग घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात त्यावर आख्यान लावतात. पोथी कुणी श्रोत्यांच्या हातात देत नाही. आपल्या कार्यालयांत मात्र टिपण वेगळं आणि स्लाइड वेगळी करायची तर संध्याकाळचा आणखी एखादा तास जातो, आणि तो द्यायची साहेबांची तयारी नसते.