चिंगीच्या जिभेवरचा अडकित्ता

"एवढे लाड कशाला करतेस गं? दूध-पोळी कुस्करून घाल. भूक लागली की मुकाट्याने खाईल." आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या काकू मागच्या आठवड्यात मला म्हणाल्या. माझं मांजर, चिंगी, तेव्हा बशीपाशीच उभी होती. नुकताच उघडलेला चिकनचा डबा. तिने एकदा हुंगलं, घाण पुरतात तशी बशीभोवतालची फरशी पुढच्या पायाने खरवडली आणि शेपटी उभारून निघून गेली.

काकूंनी ते मायेनेच सांगितलं, पण मांजराला उपाशी ठेवून वळण लावणं धोक्याचं असतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. आणि 'दूध गोड म्हणून मांजराला आवडतं' या समजातही तथ्य नाही. मांजराला गोड कळतच नाही. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. त्यातल्या एकाच्या जनुकातली, टीएएस१आर२मधली, डीएनएची २४७ अक्षरं मांजरात गळून गेली आहेत. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे २००५ साली दाखवलं. वाघातही तेच आढळलं. म्हणजे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघापुढे पेढा ठेवला, तरी त्याचा गोडवा त्याच्या जिभेला कळायचा नाही.

मग मांजराला चव लागते ती कशाची? या प्रश्नाच्या उत्तराने मला अक्षरशः वेड लावलंय.

मांसाची, रश्श्याची जी भरीव चव असते तिला उमामी म्हणतात. तिच्या ग्राहकाची रचना अडकित्त्यासारखी असते: दोन पाती आणि मध्ये बिजागरी. माणसाच्या जिभेवर ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल बिजागरीपाशी सुपारीसारखं अडकतं, पाती मिटतात आणि मेंदूकडे संदेश जातो. आयएमपी नावाचा दुसरा रेणू पात्यांच्या तोंडाशी बसून ती मिटलेली धरून ठेवतो. त्याने चव कितीतरी पटींनी वाढते, पण एकट्या आयएमपीच्या अंगात तेवढा जोर नसतो. मांजरात नेमकं उलटं आहे. ग्लुटामेटला धरून ठेवणाऱ्या मोक्याच्या जागा बदलल्यामुळे ती सुपारी तिथे टिकतच नाही. तिथे आयएमपी एकटाच पाती मिटवतो, आणि हिस्टिडीनसारखी अमिनो आम्लं सोबत आली की संदेश आणखी जोरकस होतो. इंग्लंडमधल्या वॉल्थम संस्थेने हे २०२३ साली प्रसिद्ध केलं. ही संस्था मांजरांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचीच आहे, हे ध्यानात ठेवावं. पण ग्राहकाचं काम त्यांनी पेशींवर तपासलं आणि मग मांजरांपुढे वाट्या ठेवून पडताळलं, म्हणून मला ते पटतं.

आता हा आयएमपी येतो कुठून? पेशींचं इंधन म्हणजे एटीपी, हे शाळेत शिकलोय. प्राणी मेला की स्नायूंतला एटीपी तुटत तुटत आयएमपी होतो. पुढे तोही तुटतो आणि शेवटी कडवट हायपोझँथिन उरतं. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने हे तोडणारी विकरं निकामी होतात आणि साखळी तिथेच थांबते. म्हणजे मासा डब्यात जाण्याआधी किती ताजा होता, यावर चव ठरते. ट्यूनात, म्हणजे कोकणातल्या कुप्यात, आयएमपी आणि हिस्टिडीन दोन्ही भरपूर असतात. ट्यूनाचा डबा उघडल्याचा आवाज आला की मांजर पलंगाखालून धावत येतं, ते उगीच नाही.

पण आवडतो म्हणून रोज नुसता ट्यूना घालू नका. डब्यावर 'संपूर्ण आणि संतुलित' लिहिलंय की 'पूरक', ते आधी बघा. पूरक डबा अधूनमधून तोंडी लावण्यापुरता. टॉरिन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ सालीच सिद्ध झालंय. डब्यावरचे आकडेही फसवतात. समजा, डब्यात पाणी ८२ टक्के, प्रथिनं ९; कोरड्या खाद्यात पाणी १०, प्रथिनं ३२. पाणी वजा केल्यावर डब्यात ५० टक्के प्रथिनं निघतात आणि कोरड्यात साधारण ३६. शिवाय पाणी कमी पिणाऱ्या मांजराच्या पोटात डब्यातून आपोआप पाणी जातं, हा मोठाच फायदा.

'ग्रेन फ्री', 'ह्युमन ग्रेड' असल्या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. डब्यावरच्या यादीत काळीज, हृदय पाहून नाकं मुरडली जातात, पण उंदीर मारणारं मांजर तेच तर खातं, आणि हृदयात टॉरिन भरपूर असतं. मांजर आडवं गेलं म्हणून थबकण्यात आणि पाकिटावरच्या चकचकीत शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकण्यात मला फारसा फरक दिसत नाही.

नवा डबा घेताना एकदम पेटीभर घेऊ नका. ग्रेव्ही, जेली, मऊ लगदा, असा एकेक घ्या. लहानपणी ज्या पोताची सवय लागली, तोच पोत पुष्कळ मांजरं मोठेपणीही मागतात. चिंगी ग्रेव्ही चाटून तुकडे तसेच ठेवायची. लगद्याचा डबा आणला तेव्हा बशी स्वच्छ झाली. नवं खाद्य जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभराने पूर्ण बदला. एक दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर डबे बदलत न बसता डॉक्टर गाठा.

आणि त्या दिवशीचा चिकनचा डबा? उघडला नुकताच होता, पण आला होता फ्रिजमधून. गार खाद्याला वास सुटत नाही, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. काकू चहा पीत होत्या तेवढ्यात मी तीच बशी गरम पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवली, लगदा बोटाला कोमट लागेपर्यंत. चिंगी स्वयंपाकघराच्या दारातून परत आली, हुंगलं आणि मान खाली घालून खायला लागली. काकूंनी कप खाली ठेवला नि म्हणाल्या, "अगंबाई, गरम हवं होतं होय हिला?"