‘वर्क फॉर हायर’ : कॉमिक्सच्या कर्त्यांच्या हक्कवादाची पार्श्वभूमी

अमेरिकी कॉमिक्सच्या कर्त्यांना न्याय मिळाला की नाही, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी सुरुवात सुपरमॅनपासून होते. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये आपली १३ पानांची पहिली गोष्ट १३० डॉलरला सर्व हक्कांसह विकली, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांना मिळालेला चेक प्रत्यक्षात ४१२ डॉलरचा होता, कारण त्यात इतर कामांचेही पैसे होते. तोच चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. पुढच्या कोर्टकचेऱ्यांविषयी आणि १९७५ मध्ये दोघांना मिळू लागलेल्या वार्षिक २०,००० डॉलरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात एक गोष्ट मात्र सहसा निसटते. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने कर्त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, तरी सुपरमॅन हे ‘वर्क फॉर हायर’, म्हणजे पहिल्यापासून प्रकाशकाच्याच मालकीचे काम, असल्याचा प्रकाशकाचा दावा त्या न्यायालयाने मान्य केला नव्हता. पात्र आधी जन्मले होते, प्रकाशक नंतर आला होता. कर्ते हरले ते सही करून बसलेल्या करारांमुळे.

हा भेद केवळ वकिली नाही. करार करून हक्क दिले असतील, तर कर्ता हा मूळ मालक ठरतो आणि अमेरिकी कायदा त्याला किंवा त्याच्या वारसांना ठरावीक वर्षांनी ते हक्क परत मागू देतो. १९७८ पूर्वीच्या कामांसाठी ही मुदत ५६ वर्षांची आहे. ‘वर्क फॉर हायर’ ठरले, तर कायद्याच्या दृष्टीने कर्ता हा कर्ताच नसतो, पहिल्या दिवसापासून प्रकाशक लेखक मानला जातो आणि परत मागण्यासारखे काही उरतच नाही. या संज्ञेला ‘मोलाने करून घेतलेले काम’ म्हणावे, तर अर्थ निसटतो, कारण मोल तर दोन्ही प्रकारांत दिलेले असते.

खरी गुंतागुंत १९०९ च्या कायद्याने करून ठेवली. त्याने ही संज्ञा वापरली, पण तिची व्याख्या केली नाही. दीर्घकाळ न्यायालये तिचा अर्थ ‘पगारी नोकराने केलेले काम’ असाच घेत होती. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र ज्याच्या सांगण्यावरून आणि ज्याच्या खर्चाने काम झाले तो मालक, ही कसोटी बाहेरून काम करणाऱ्यांनाही लावली जाऊ लागली. १९७६ च्या कायद्याने अखेर व्याख्या दिली आणि बाहेरून करून घेतलेल्या कामांपैकी नऊ प्रकारच या वर्गात येऊ शकतील, तेही लेखी करार असेल तरच, असे ठरवले. त्या नऊ प्रकारांत कॉमिक्सचे नाव नाही, परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र आहे. नवा कायदा १९७८ मध्ये लागू होताच मार्व्हल या मोठ्या प्रकाशकाने चित्रकारांपुढे एका पानाचा कागद ठेवला. आजवरचे आणि यापुढचेही सर्व काम ‘वर्क फॉर हायर’ आहे, असे त्यावर लिहिलेले होते.

सर्वांत वादग्रस्त निकाल लागला तो १९५८ ते १९६३ या काळातल्या कामाबद्दल. त्या वर्षांत आजच्या अब्जावधींच्या चित्रपटांतली कित्येक पात्रे ज्याच्या पेन्सिलीतून उतरली, तो चित्रकार जॅक किर्बी हा प्रकाशकाचा, म्हणजे मार्व्हलचा, नोकर नव्हता. तो घरच्या तळघरात स्वतःच्या टेबलावर काम करी, कागद आणि पेन्सिली स्वतःच्या पैशाने आणी आणि पानाच्या हिशेबाने पैसे घेई. मोबदल्याच्या चेकमागे हक्कांविषयीचा मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय तो वटत नसे. २००९ मध्ये त्याच्या वारसांनी हक्क परत मागणाऱ्या ४५ नोटिसा पाठवल्या. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये त्या फेटाळताना म्हटले की, कामाला चालना आणि दिशा प्रकाशकाची होती आणि ठरावीक दराने पैसे देऊन व्यवसायाची जोखीमही त्यानेच उचलली होती. कागद-पेन्सिलीच्या खर्चाला न्यायालयाने फारसे महत्त्व दिले नाही. वारसांचा आक्षेप साधा होता : १९६० च्या आसपास कायद्याचा जो अर्थ कोणाच्याही मनात नव्हता, तो त्या काळातल्या व्यवहाराला मागाहून कसा लावता येईल? या आक्षेपाला निकालात पटण्याजोगे उत्तर सापडत नाही.

पुराव्याची बाजूही अडचणीचीच होती. चित्रकार १९९४ मध्ये वारला होता. काम कसे वाटून दिले जाई, हे सुमारे पन्नास वर्षांनी सांगणारा मुख्य साक्षीदार त्या वेळचा संपादक स्टॅन ली होता, आणि वारसांनी आणलेल्या दोन कॉमिक्स-इतिहासकारांच्या साक्षी ऐकीव माहितीवर आधारलेल्या म्हणून वगळल्या गेल्या. शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या, विश्वसनीयतेची चर्चा करणाऱ्या ख्रिस्ती अभ्यासकांना हा पेच ओळखीचा वाटेल. मार्काचे शुभवर्तमान येशूच्या मृत्यूनंतर साधारण चाळीस वर्षांनी लिहिले गेले, असे बहुतेक जण मानतात. तेवढ्या अंतरावरची स्मृती कितपत धरून ठेवते आणि साक्षीदाराकडून ऐकून लिहिणाऱ्याचे वजन किती, यावर तिथे अजून एकमत नाही. न्यायालयाने हा प्रश्न पुराव्याच्या एका नियमाने मिटवला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अर्ज स्वीकारायचा की नाही, यावर न्यायमूर्ती विचार करणार त्याच्या तीनच दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. तिच्या अटी गुप्त राहिल्या आणि त्यानंतर चित्रपटांच्या नामावलीत चित्रकाराचे नाव ठळकपणे येऊ लागले. पुढच्याच वर्षी बॅटमॅनचा दुसरा कर्ता बिल फिंगर याचे नावही अधिकृत श्रेयात आले, त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. २०२१ मध्ये आणखी काही कर्त्यांनी आणि वारसांनी नोटिसा काढल्या तेव्हा मार्व्हलने स्वतःच आधी दावे दाखल केले, आणि २०२३ च्या डिसेंबरपर्यंत तीही सर्व प्रकरणे तडजोडीने मिटली. त्यामुळे १९७८ पूर्वी घरी बसून काम करणारा चित्रकार कायद्याने लेखक ठरतो की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अजून आलेला नाही आणि २०१३ चा निकाल तो देणाऱ्या अपील न्यायालयाच्या कक्षेत तसाच लागू आहे.