बिडी सुटल्यावर धमनीच्या अस्तरात काय घडतं?

“तीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. रक्ताभिसरणापुरतं तरी ते साफ चुकीचं आहे.

शेवटच्या झुरक्यानंतर अर्ध्या तासात नाडी उतरू लागते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतो, पण साध्या हवेत दर 4-5 तासांनी तो निम्मा होतो. त्याला बाहेर काढतो तो आपलाच श्वास. ‘रक्तशुद्धी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांचा यात काडीचाही वाटा नाही.

पण खरी गंमत धमनीच्या आतल्या अस्तरात आहे. हे अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अॅसिटिलकोलीन हे चेतातंतूंचं निरोपद्रव्य घालून पाहत होते. आतली बाजू घासली गेलेली पट्टी आकसायची, न घासलेली सैलावायची. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तराकडूनच येत होता. 1980 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला आणि 1998 चं नोबेल त्या संशोधनाला मिळालं.

अस्तरातलं एक विकर (एन्झाइम) आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतं. तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, तिथे चक्रीय जीएमपी हे पेशीतलं निरोपद्रव्य वाढतं, कॅल्शियम घटतं आणि स्नायू सैलावतो. धुरातून आणि धुराने चिडलेल्या पेशींतून येणारे सुपरऑक्साइडचे, म्हणजे प्राणवायूच्या अतिक्रियाशील रूपाचे, कण हा वायू वाटेतच संपवतात. त्याहून वाईट म्हणजे विकराला लागणारं टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हे सहद्रव्य ऑक्सिडीकरणाने बिघडतं. मग तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागतं! धूर थांबला की हे चक्र तुटतं.

अस्तर पुन्हा नीट काम करू लागलं का, हे मोजताही येतं. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये वर्षभरात हे रुंदावणं सुधारलेलं दिसतं. नायट्रिक ऑक्साइड प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांनाही, एकमेकींना चिकटू देत नाही. त्यांचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, त्यामुळे काही आठवड्यांत धूर न पाहिलेल्या प्लेटलेट रक्तात फिरू लागतात. धमनीत साचलेला जुना थर मात्र धुऊन निघत नाही. तरीही हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो.

बुर्गर रोगात तर दुसरा इलाजच नाही म्हटलं तरी चालेल. यात हातापायांच्या छोट्या-मधल्या रक्तवाहिन्या सुजून गुठळ्यांनी बुजतात. बिडी ओढणारे तरुण याचे नेहमीचे रुग्ण. आधी चालताना पोटरी किंवा तळवा भरून येतो, मग बोट काळं पडतं. तंबाखू पूर्ण सुटली तर बहुतेकांचा पाय वाचतो. पूर्ण म्हणजे सकाळची मिश्रीसुद्धा बंद, कारण तिच्यातून निकोटिन रक्तात जातच राहतं.