रावस म्हणजे सॅमन नव्हे

अनेक हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हटलेले असते, आणि मग समुद्रातून जन्मनदीत परतून प्राण सोडणाऱ्या माशाची कथाही लोक बिनदिक्कत रावसाच्या नावावर खपवतात. रावस हा वेगळ्याच कुळातला, आपल्या उष्ण किनारी पाण्यातला मासा आहे. ती कथा उत्तर पॅसिफिकमधील सॅमनची.

सॅमनची मादी नदीच्या गोट्यांच्या तळात शेपटीने खड्डा करून अंडी घालते. काही जातींची पिल्ले लवकरच, तर काहींची वर्ष-दोन वर्षांनी समुद्राकडे निघतात. तेव्हा त्यांचा रंग चंदेरी होतो आणि आजवर क्षार शोषून घेणारे कल्ले क्षार बाहेर टाकू लागतात. याच सुमारास थायरॉइडचे संप्रेरक वाढते आणि नदीच्या वासाचा ठसा मेंदूवर पक्का होतो.

याच वासाच्या आधारे सॅमन जन्मनदी शोधतो, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर हॅसलर यांना लहानपणच्या डोंगरात सुचली. धबधब्याजवळच्या शेवाळाच्या आणि रानफुलांच्या वासाने त्यांच्या विसरलेल्या आठवणी एकाएकी जाग्या झाल्या होत्या. पुढे त्यांनी एकाच ओढ्याच्या दोन फाट्यांत परतलेले कोहो जातीचे सॅमन पकडले, काहींच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सर्वांना संगमाच्या खाली सोडले. नाक मोकळे असलेल्यांनी बहुधा आपलाच फाटा निवडला. बाकीचे वाटेल तिकडे गेले. तरीही ओढ्याच्या पाण्यात नेमके काय हुंगले जाते, ही शंका उरतेच. म्हणून १९७०च्या दशकात मिशिगन सरोवराकाठी पिल्लांच्या एका गटाला मॉर्फोलिन या रसायनाची आणि दुसऱ्या गटाला फेनेथिल अल्कोहोलची सवय लावून सोडण्यात आले. दीड वर्षानंतर दोन वेगवेगळ्या ओढ्यांत ही रसायने मिसळली, तेव्हा बहुतेक मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात शिरले. त्या ओढ्यांचे पाणी त्यांनी पूर्वी पाहिलेही नव्हते! खुल्या समुद्रात मात्र वास पुरत नाही, तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिशा दाखवते.

या सगळ्यावर ‘मातृभूमीची ओढ’ आणि ‘पिल्लांसाठी बलिदान’ असे जे संदेश फिरतात, त्यांत विज्ञान कमी आणि कढ जास्त असतो. पॅसिफिक सॅमन परतताना खाणे थांबवतो, साठवलेली चरबी जाळतो आणि कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाच्या पुरात त्याचे शरीर मोडत जाते. अटलांटिक सॅमनपैकी काही वीण झाल्यावरही जगून समुद्रात परततात.

शिवाय थोडे मासे वाट चुकतातच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४पर्यंत पाडली गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनुक जातीचे सॅमन ऑरेगॉनमधील वरच्या पाण्यात पोहोचले. १९१२पासून तेथे एकही सॅमन चढू शकला नव्हता, म्हणजे आलेल्यांपैकी कोणीही तेथे जन्मलेला नव्हता.