घरमालकाचे दुरुस्तीविषयक दायित्व (महाराष्ट्र)

भाड्याने दिलेली जागा वापरण्यायोग्य व चांगल्या स्थितीत राखण्याचे घरमालकावरील कायदेशीर बंधन. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १४ हा असून, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास ते लागू होते.

दुरुस्ती किती दिवसांत व्हावी हे कायद्याने आकड्यात सांगितलेले नाही. भाडेकरूने, किंवा त्या दुरुस्तीशी संबंध असलेल्या भाडेकरूंनी मिळून, घरमालकास किमान १५ दिवसांची नोटीस टपालाने वा अन्य रीतीने द्यावयाची असते; त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतात किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतात. ही मुदत बिघाडाच्या स्वरूपानुसार पाहावी लागते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर गळणारे छप्पर आणि भिंतीचा उडालेला रंग यांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल. भाडेकरूने ठेवलेला हिशेब व पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून पावत्यांचे मोल नोटिशीइतकेच आहे.

मात्र एका वर्षात वळती होणारी रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, आणि मुंबईतील पागडीच्या (सुरुवातीला ठोक रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या) चाळींत हा हक्क येथेच लुळा पडतो. दरमहा २०० रुपये भाडे भरणाऱ्यास वर्षाला फार तर ६०० रुपये कापून घेता येतात. तेवढ्यात जिन्याचा मोडका कठडाही उभा राहत नाही. इतक्या भाड्यात मालकालाही मोठे काम झेपत नाही, हेही तितकेच खरे. या कोंडीवर तोडगा म्हणून १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. ते पुढे म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले.

जागा रिकामी केल्याखेरीज होऊ न शकणाऱ्या दुरुस्तीसाठी मालक न्यायालयामार्फत ताबा मागू शकतो. हुकूमनामा होताना भाडेकरूने परत येण्याची इच्छा नोंदवून घ्यावी, कारण दुरुस्तीनंतरचा प्रवेश तिच्यावरच अवलंबून असतो. पुरेशा कारणावाचून पाणी, वीज किंवा उद्वाहन (लिफ्ट) बंद करण्यास कलम २९ ने मनाई आहे.

लीव्ह अँड लायसन्स (भाडेहक्काऐवजी केवळ वापराची परवानगी देणाऱ्या) करारावर राहणारी व्यक्ती कलम १४ च्या अर्थाने भाडेकरू नसते. तिच्या बाबतीत दुरुस्ती कोणी व केव्हा करावी हे करारातील शब्दांवर ठरते, तरीही छापील नमुन्यांत हा मजकूर बहुधा मोघमच असतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमाने ही वाटणी तपशिलाने केली आहे: बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, नळवाहिन्या व वीजतारा मालकाकडे, नळाचे वायसर, गटाराची सफाई, विजेची बटणे व कुलपे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही, पण खाजगी करारात ही यादी उतरवून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.