टिल्टची पार्श्वभूमी: मोठ्या पोकरमध्ये डोकं ताळ्यावर कसं राहू लागलं

2001 मध्ये टेक्सासचे बँकर अँडी बील लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत तिथल्या नामवंत व्यावसायिकांशी समोरासमोर खेळायला बसले. समोरची मंडळी कौशल्यात आपल्यापेक्षा सरस आहेत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पैजच इतकी वाढवायची, की हरण्याची धास्ती त्या खेळाडूंच्या निर्णयांत शिरेल, असा त्यांचा डाव होता. हार, राग किंवा भीतीने डोकं बिघडून खेळ ढासळण्याला पोकरमध्ये 'टिल्ट' म्हणतात. 2004 पर्यंत लिमिट होल्डेममध्ये (पैजेच्या रकमा आधीच ठरलेल्या असतात असा पोकरचा प्रकार) बेट 1,00,000 आणि 2,00,000 डॉलरवर जाऊन पोहोचली. व्यावसायिकांनी याला दिलेलं उत्तर आजही अभ्यासण्यासारखं आहे. त्यांनी आपापले पैसे एकत्र केले. टेबलावर एक जण बसायचा, नफा-तोटा मात्र सगळ्यांत वाटला जायचा. या गटाला 'कॉर्पोरेशन' हे नाव पडलं. फेब्रुवारी 2006 मध्ये गट 1 कोटी 36 लाख डॉलरनी मागे पडला. मग गटातले फिल आयव्ही यांनी तीन दिवसांत बील यांच्याकडून 1 कोटी 66 लाख डॉलर जिंकले.

आयव्ही यांच्या थंडपणाची तेव्हा फार चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण तो थंडपणा टिकवणारी पैशांची रचना आधीच उभी होती, याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. मोठ्या पोकरमध्ये शांत राहण्याचा इतिहास मुख्यतः अशा रचनांचा आहे. स्वभावाचा वाटा त्यात लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे.

आधीच्या पिढीला हे इतकं स्पष्ट नव्हतं. 1970 मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू केली. 1972 पासून मुख्य स्पर्धेची प्रवेश रक्कम 10,000 डॉलर झाली. त्या काळात मनाची स्थिरता हा जन्मजात गुण मानला जाई. ज्याच्याकडे तो असेल तो टिकेल, बाकीचे वाहून जातील, असा समज होता. स्टू उंगर यांनी हा समज नकळत मोडून दाखवला. 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा त्यांनी मुख्य स्पर्धा जिंकली. पत्ते वाचण्यात त्यांच्या तोडीचे थोडेच होते. पण जिंकलेला पैसा दुसऱ्या पैजांत आणि व्यसनात जात राहिला आणि 1998 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा हातात जवळपास काहीच उरलं नव्हतं. टेबलावरचं कौशल्य आणि टेबलाबाहेरची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य व्हायला पोकरला बराच काळ लागला.

मन ढळतं कशाने, हे आधी आकड्यांत पाहायला हवं. होल्डेममध्ये टेबलावरचे सामाईक पत्ते उघडण्याआधी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध ऑल-इन गेली, म्हणजे तिच्यावर सगळ्या चिप्स लावल्या, तर ती सुमारे 82 टक्के वेळा जिंकते. म्हणजे साधारण साडेपाच वेळांत एकदा हरते. आता नो-लिमिटचा, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेल्या प्रकाराचा, एक चांगला खेळाडू घ्या. तो दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी लावायची सक्तीची मोठी पैज, हेच मोजमापाचं एकक) कमावतो आणि त्याचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 100 डावांमागे 90 बिग ब्लाइंड आहे. गणित केलं तर 10,000 डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के निघते. 1,00,000 डावांनंतरसुद्धा ती 4 टक्के उरते. कॅसिनोत तासाला 30 डाव होतात असं धरलं, तर 10,000 डावांना 330 तासांहून जास्त वेळ लागतो. इतका काळ नीट खेळून पदरी तोटा पडला, तर आपलं काहीतरी चुकतंय असं कुणालाही वाटेल. ते वाटू लागलं की खेळाडू चांगला खेळ सोडून नवे प्रयोग सुरू करतो आणि मग तोटा खराखुरा होतो.

याच्या मुळाशी असलेली मनाची खोड मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस त्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडली. तोट्यात असलेला माणूस, तो तोटा मनाने स्वीकारेपर्यंत, एरवी नाकारला असता असा धोका पत्करतो. पोकरमध्ये याची पडताळणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. गॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 25/50 डॉलर ब्लाइंडच्या ऑनलाइन टेबलांवरचे 2008 मधले डाव तपासले. 1,000 डॉलर किंवा अधिक गमावल्यावर बहुतेक खेळाडू जास्त पत्त्यांवर पैसे लावू लागले होते. हे नवखे नव्हते, अनुभवी खेळाडू होते. टिल्ट म्हणजे आरडाओरडा आणि चिप्स फेकणं, ही समजूत इथे मागे पडते. खरा महागडा टिल्ट दिसतही नाही. तो एरवी सोडून दिलेल्या एखाद्या हलक्या हातावर कॉल करण्यात, म्हणजे समोरच्याइतके पैसे लावून डावात राहण्यात असतो.

ऑनलाइन खेळाने हे संकट अनेकपट केलं. 1998 मध्ये खऱ्या पैशांचं ऑनलाइन पोकर सुरू झालं. 2003 मध्ये क्रिस मनीमेकर 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून मुख्य स्पर्धेत पोहोचले, 839 जणांत पहिले आले आणि 25 लाख डॉलर घेऊन गेले. मग लोंढाच आला. एका वेळी अनेक टेबलं उघडता येऊ लागली, त्यामुळे पूर्वी महिन्याभरात येणारी पडझड एका संध्याकाळीत येऊ लागली. 2009 च्या अखेरीस 'इसिल्डर1' या नावाने खेळणारे व्हिक्टर ब्लोम यांनी याचं टोक दाखवलं. नोव्हेंबरमध्ये पॅट्रिक अँटोनियस यांच्याविरुद्धचा त्यांचा एक पॉट (एका डावात जमलेली रक्कम) 13 लाख डॉलरच्या वर गेला. डिसेंबरमध्ये ब्रायन हेस्टिंग्ज यांच्याविरुद्ध ते एका दिवसात सुमारे 42 लाख डॉलर हरले.

याच सुमारास गोल्फपटूंसोबत मानसिक प्रशिक्षक म्हणून काम केलेले जॅरेड टेंडलर पोकरकडे वळले. 2011 मध्ये त्यांनी टिल्टचे सात प्रकार मांडले: नशीब सतत उलटं फिरणं, अन्यायाची भावना, हार सहन न होणं, स्वतःच्या चुकीचा राग, आपणच जिंकायला हवं हा हक्क, सूड आणि अगतिकता. ही वर्गवारी उपयोगी ठरली, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. नशिबावर चिडणाऱ्याला वरचं गणित कामी येतं. सूडाने पेटलेल्याला गणिताने काही होत नाही, त्याने त्या एका प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावरून उठायलाच हवं.

आज मोठ्या टेबलांवर जे रूढ आहे ते या सगळ्यातून गाळून आलं आहे. कॅश गेमसाठी, म्हणजे स्पर्धेबाहेर थेट पैशांवर चालणाऱ्या खेळासाठी, 100 बिग ब्लाइंडचा एक बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) धरला, तर ऑनलाइन खेळाडूंची जुनी मोजणी 20 ते 30 बाय-इनचा बँकरोल, म्हणजे खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम, अशी होती. सावध खेळाडू 50 च्या खाली जात नाहीत आणि स्पर्धांसाठी 100 किंवा त्याहून अधिक ठेवतात. घरखर्चाचा पैसा यात कधीच नसतो. या नियमाशी तडजोड केली, तर मनःशांतीचे बाकी सगळे उपाय फोल ठरतात. फार मोठ्या स्पर्धेत खेळाडू स्वतःच्या संभाव्य बक्षिसातला हिस्सा इतरांना विकतात. 2012 मध्ये 10 लाख डॉलर प्रवेश रकमेची पहिली 'बिग वन' स्पर्धा 48 जणांत झाली. अशा ठिकाणी अनेक व्यावसायिकांचा स्वतःचा पैसा रकमेचा एक भागच असतो.

तोट्याची मर्यादा, साधारण तीन बाय-इन, खेळायला बसण्याआधीच ठरवतात. टेबलावर ठरवलेली मर्यादा पाळली जात नाही, कारण तेव्हा ठरवणारं डोकंच तापलेलं असतं. या उपायातही खोट आहे. टेबल सोपं असेल आणि आपण नीट खेळत असू, तर मर्यादा चांगल्या खेळातून उठवते. म्हणून जाणते खेळाडू पैशांपेक्षा लक्षणांकडे पाहतात: कान गरम होणं, जबडा आवळणं, निर्णय एकदम झटपट होऊ लागणं, मागच्या डावाचा विचार चालू डावात डोकावणं. पहिलं लक्षण दिसलं की दोन-तीन डाव पत्ते न पाहता सोडायचे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. नाडी खाली आली नाही, तर उठायचं. प्रत्येक निर्णयाला, सोप्यालाही, सारखाच वेळ घेण्याची सवय इथे दुहेरी कामाची आहे. प्रतिस्पर्ध्याला वेळेवरून काही कळत नाही आणि घाईत होणारी चूक टळते.

सॉल्व्हर, म्हणजे डावातला सर्वोत्तम निर्णय गणिताने काढणारे प्रोग्रॅम, आल्यावर चित्र पुन्हा बदललं. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. त्याला थकवा नव्हता, रागही नव्हता. तशाच गणनेवर चालणारी साधनं आता खेळाडूंच्या घरी आहेत आणि निकाल वाईट असूनही निर्णय बरोबर होता का, हे तपासता येतं. त्यामुळे अन्यायाच्या भावनेचा टिल्ट कमी झाला, स्वतःच्या चुकांवरच्या रागाचा वाढला, कारण सॉल्व्हर जवळपास प्रत्येक डावात काही ना काही उणं दाखवतोच. म्हणून अनेक जण मधल्या विश्रांतीत सॉल्व्हर उघडतच नाहीत. शंका आलेला डाव दोन ओळींत लिहून ठेवतात आणि झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी तपासतात.