परागकण कुक्षीवर टिकतो कसा?

इटलीत मोदेना येथे जोव्हान्नी बात्तिस्ता अमिची घोळीच्या (आपल्या भाजीतल्याच) फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना बघायची होती कुक्षीच्या केसांतली रसाची हालचाल. दिसली ती एका केसाला चिकटलेल्या परागकणातून निघणारी नळी. १८२४ साली हे निरीक्षण छापून आले आणि अभ्यासक त्या नळीच्या मागे लागले. कण मुळात तिथे टिकतो कसा, हा प्रश्न ‘कुक्षी चिकट असते’ एवढ्यावरच मिटवला जाई.

लिली, तंबाखू, पेटुनिया यांच्यापुरते ते ठीकच आहे. तिथे कुक्षीवर स्राव असतो. मोहरी, कोबी, कापूस आणि सगळी गवते यांची कुक्षी मात्र कोरडी. १९७४ मध्ये अशा कुक्षीवर प्रथिनांचा अतिपातळ थर आढळला. १९७७ मध्ये योलांडा हेस्लॉप-हॅरिसन आणि दिल्ली विद्यापीठाचे के. आर. शिवण्णा यांनी सुमारे हजार जाती तपासून ओली आणि कोरडी अशी वर्गवारी मांडली. ती आजही वापरात आहे.

कुक्षी टाळता येते, हे दिल्लीतच आधी सिद्ध झाले होते. १९६० मध्ये कुसुम कांता यांनी खसखशीच्या कुळातल्या पॉपीच्या अंडाशयात परागकण थेट टोचून बी धरवले. म्हणजे कुक्षीचे खरे काम कोणता पराग स्वीकारायचा याची पारख करण्याचे.

ही पारख किती लवकर सुरू होते, ते मोहरीच्या नात्यातल्या ॲराबिडोप्सिसवर १९९९ मध्ये दिसले. पहिली पकड काही सेकंदांत बसते आणि ती कणाच्या बाह्यकवचाची असते. वरचा तेलकट लेप धुऊन टाकला तरी ती बसते. त्यानंतर लेप पाझरून कण आणि कुक्षी यांच्यामध्ये सांधा तयार होतो, त्यातून पाणी कणात शिरते, मग नळी फुटते. लेपातले लांब साखळीचे मेद नसतील तर कण चिकटतो, पण कोरडाच राहतो. हवा खूप दमट ठेवली की तोच कण रुजतो. हे १९९३ मध्येच कळले होते.

उलट टोकाची अडचण संकरित कापसाच्या बीजोत्पादनात येते. आदल्या संध्याकाळी पुंकेसर काढलेल्या फुलावर सकाळी पराग लावताना कुक्षीवर दव किंवा पावसाचे पाणी असेल, तर कण भसाभस पाणी शोषून फुटतात आणि बोंड धरत नाही. म्हणून दव सुकेपर्यंत थांबावे लागते. फार उशीरही चालत नाही, कारण कापसाचा पराग त्याच दिवशी निकामी होतो.